आधी व्होल्ट मोजा, मग फ्रीज बदला

मोटरहोममधल्या फ्रीजविषयी आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेक पत्रांचा शेवट ‘आता नवीन कोणता घेऊ?’ असा आहे. पत्रं वाचून आमचं मत असं झालं की, यातल्या बऱ्याच जणांचा फ्रीज धडधाकट आहे. त्याच्यापर्यंत पुरेसे व्होल्ट पोचत नाहीत, किंवा त्याच्या पाठीमागची गरम हवा बाहेर पडत नाही. म्हणून उत्तरांत मोजमापं जास्त आहेत. शे-पाचशेचा साधा मल्टिमीटर आणि एक पाणसळ जवळ ठेवूनच पुढचं वाचा.

प्रश्न : आमचं मोटरहोम ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेलं आहे. त्यात ६५ लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसर फ्रीज आहे. घरी चार्जर लावला की उत्तम चालतो. गुहागरला मुक्कामी असताना रात्री दोननंतर बंद पडला. आतला दिवा लागत होता. कंप्रेसर ‘टक्’ करून सुरू व्हायचा, लगेच थांबायचा, मिनिटाभराने पुन्हा तेच. बॅटरीवर १२.१ व्होल्ट दिसत होते. सकाळी गाडी सुरू करताच फ्रीज ठीक. मेकॅनिक म्हणतो, कंप्रेसर गेला. बदलावा का? (कासारवडवली, ठाणे)

उत्तर : बदलू नका. गेलेला कंप्रेसर गाडी सुरू केल्यावर बरा होत नाही. इंजिन सुरू झालं की व्होल्टेज १३.५ ते १४ च्या घरात जातं आणि फ्रीज चालू लागतो, म्हणजे दुखणं व्होल्टेजचं आहे.

या फ्रीजमध्ये बहुधा डॅनफॉसचा (आता सेकॉप) बीडी-३५ किंवा त्याच धाटणीचा डीसी कंप्रेसर असतो. कंप्रेसरच्या अंगाला चिकटलेला छोटा काळा डबा म्हणजे त्याचं इलेक्ट्रॉनिक युनिट. बॅटरी पार रिकामी होऊ नये म्हणून हे युनिट १२ व्होल्टच्या गाडीत १०.४ व्होल्टला कंप्रेसर बंद करतं आणि ११.७ व्होल्ट मिळाल्यावरच पुन्हा सुरू करतं. ही मूळची सेटिंग आहे, काही कंपन्या ती बदलून देतात. लक्षात घ्यायचं ते एवढंच की, युनिट बॅटरीवरचं व्होल्टेज बघत नाही, स्वतःच्या टर्मिनलवर आलेलं बघतं. या दोन आकड्यांमधला फरक वायर खाते.

तुमच्याच पत्रातले आकडे घेऊ. बॅटरी ते फ्रीज ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर तांबं. बॉडी बांधणाऱ्याने १.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकली आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. तिचा रोध होतो ०.१४ ओहम. कंप्रेसर ५ अँपियर ओढताना ०.७ व्होल्ट वायरमध्येच जातात. सुरू होतानाचा झटका याहून मोठा असतो. त्यात फ्यूज होल्डर, दोन-तीन जोड आणि स्विच यांची भर. रात्री दोन वाजता भार पडल्यावर बॅटरी ११.५ वर येते, फ्रीजला १०.५ सुद्धा मिळत नाहीत आणि युनिट कंप्रेसर तोडतं. भार गेला की व्होल्टेज वर उसळतं, युनिटला ११.७ दिसतात, ते पुन्हा सुरू करतं, पुन्हा पडतं. तुमचं ‘टक्, टक्’ ते हेच. आतला दिवा जेमतेम ०.१-०.२ अँपियर घेतो, म्हणून तो अर्धमेल्या जोडावरही लखलखतो. ‘दिवा लागतोय म्हणजे सप्लाय आहे’ हा निष्कर्ष याच कारणाने फसवतो.

खात्री कशी करायची? फ्रीज बाहेर ओढा, मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि दोन्ही टोकं युनिटच्या प्लस-मायनस टर्मिनलवर धरा. कंप्रेसर सुरू होतानाचा आकडा वाचा. त्याच वेळी दुसऱ्याला बॅटरीच्या खांबांवर मोजायला सांगा. चालू कंप्रेसरवर दोन्हींत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर वायर बदलायची. कंप्रेसर बंद असताना घेतलेलं माप इथे निरुपयोगी आहे. प्रवाह नसेल तर कुजलेली वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते.

युनिटवर किंवा फ्रीजच्या पॅनेलवर बारीक एलईडी असेल तर तो दर ४ सेकंदांनी किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एकदा म्हणजे बॅटरी संरक्षण, वर सांगितलेलंच दुखणं. दोनदा म्हणजे पंखा जास्त प्रवाह ओढतोय, पंखा बदला. तीनदा म्हणजे कंप्रेसरला सुरू होता येत नाही. फ्रीज बंद करून लगेच चालू केला तर दाब उतरलेला नसतो आणि असं होतं, म्हणून आधी पाच-दहा मिनिटं थांबा. थांबूनही तीनच येत असतील तर मात्र कंप्रेसरवर संशय घ्यायला जागा आहे. चारदा म्हणजे भार इतका की किमान गती टिकत नाही. पाचदा म्हणजे युनिट तापलं आहे, कंडेन्सरची (फ्रीजची उष्णता बाहेर टाकणारी) जाळी आणि हवा जायचा मार्ग तपासा. एलईडी बसवलेला नसेल तर प्लस आणि ‘डी’ टर्मिनलमध्ये तो जोडता येतो.

वायर कोणती घालायची? १२ व्होल्टला कंप्रेसर बनवणाऱ्यांचं कोष्टक सोपं आहे : बॅटरीपासून अडीच मीटरपर्यंत २.५ स्क्वेअर एमएम, ४ मीटरला ४, ६ मीटरला ६, १० मीटरला १०. गाडी २४ व्होल्टची असेल तर त्याच वायरला दुप्पट अंतर चालतं. तुम्हाला ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची मल्टिस्ट्रँड वायर लागेल, प्लस आणि मायनस दोन्हींसाठी. मायनस चॅसीवर मारून वाचवू नका. फ्यूज १५ अँपियरचा (२४ व्होल्टला ७.५), बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर. हा सप्लाय थेट घरगुती बॅटरीवरून (गाडीतले दिवे वगैरे चालवणारी, इंजिनची नव्हे) घ्या, मध्ये दिव्यांचा स्विच किंवा यूएसबीचा फाटा नको. अशी वायर लोहार चाळीत मीटरवर मिळते.

आणि लग, म्हणजे वायरच्या टोकाला बसवलेलं धातूचं कडं! जुना लग पकडीने दाबून बसवलेला असतो. रबरी टोपी मागे सरकवून बघा. वायर जिथे लगमध्ये शिरते तिथे हिरवट-निळसर पूड दिसेल, आणि वायर जरा वाकवली की आतल्या काड्या एकेक करून तुटून हातात येतील. बाहेरून इन्सुलेशन नवंकोरं आणि आत पाचपंचवीस काड्यांवर सगळा भार, अशी स्थिती किनाऱ्यावर फिरणाऱ्या गाड्यांत फार लवकर येते. ब्लेड फ्यूजचा होल्डरही हातात घेऊन बघा. प्लॅस्टिक पिवळं पडून एका बाजूला वितळलं असेल तर तोच जोड तुमचे व्होल्ट खातोय. टिनचा मुलामा दिलेले तांब्याचे लग, हेक्स क्रिंपिंग टूलने दाबलेले आणि वर गोंदवाली हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), एवढं केलं की काम पक्कं.

प्रश्न : दर उन्हाळ्यात फ्रीजमध्ये गॅस भरून घ्यावा लागतो का? आमचा मेकॅनिक दर वर्षी भरतो. (नेरूळ)

उत्तर : नाही. फ्रीजची यंत्रणा सीलबंद असते, गॅस वापराने संपत नाही. दर वर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे आणि ती कोणी शोधलेलीच नाही.

गॅस कमी आहे की नाही हे मीटरशिवायही कळतं. फ्रीज पूर्ण वितळवून पुसून घ्या, रिकामाच चालवा आणि अर्ध्या-पाऊण तासाने फ्रीझरची प्लेट बघा. सगळ्या प्लेटवर पीठ भुरभुरल्यासारखा पातळ, सारखा बर्फ असेल तर गॅस बरोबर आहे. नळी आत शिरते तिथे तळहाताएवढाच पांढरा डाग आणि पुढची प्लेट नुसती ओलसर असेल तर गॅस कमी आहे किंवा बारीक नळी तुंबली आहे. कंप्रेसर चालू, गरम, आणि प्लेटवर काहीच नाही, तर गॅस सगळा गेला किंवा कंप्रेसर दाब तयार करत नाही. उलट, फ्रीजच्या बाहेर कंप्रेसरकडे परतणाऱ्या नळीवर बर्फ जमत असेल तर कोणीतरी गॅस जास्त भरला आहे. हातोहात ‘थोडा गॅस मारून’ घेतलेल्या फ्रीजमध्ये हे हमखास दिसतं.

फ्रीजच्या मागच्या प्लेटवर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. इतक्या छोट्या यंत्रणेत पाच-दहा ग्रॅमनेही फरक पडतो, म्हणून गॅस डिजिटल काट्यावर तोलूनच भरायचा. आधी नायट्रोजनने गळती शोधणं, फिल्टर-ड्रायर बदलणं, व्हॅक्यूम काढणं, मग गॅस, हा क्रम सोडणाऱ्याकडे फ्रीज देऊ नका. प्लेटवर आर-६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, ज्वालाग्राही. गाडीच्या आत टॉर्च पेटवून त्याच्या नळ्यांचं ब्रेझिंग (डाग देणं) अजिबात करू द्यायचं नाही. फ्रीज काढून मोकळ्या जागी न्यायचा. आणि आर-६००ए च्या यंत्रणेत आर-१३४ए हा दुसराच गॅस भरून देणारा भेटला तर तिथून निघा.

प्रश्न : परदेशातून आलेल्या जुन्या मोटरहोममध्ये स्वयंपाकाचा गॅस, १२ व्होल्ट आणि २३० व्होल्ट अशा तिन्हींवर चालणारा फ्रीज आहे. जानेवारीत महाबळेश्वरला छान गार होतो. मे महिन्यात वाशीला दूधसुद्धा टिकत नाही. उभ्या गाडीत १२ व्होल्टवर ठेवला तर पहाटेपर्यंत बॅटरी झोपते. (वाशी)

उत्तर : तुमचा फ्रीज शोषण पद्धतीचा आहे. त्यात कंप्रेसर नसतो, हलणारा एकही भाग नसतो. स्टॉकहोममधल्या दोन विद्यार्थ्यांनी, प्लॅटेन आणि मुंटर्स यांनी, १९२२ मध्ये काढलेली ही युक्ती आजही तशीच वापरतात. खालच्या बॉयलरमध्ये उष्णता दिली की पाण्यातून अमोनिया वाफ होऊन वर जातो, मागच्या पातळ पत्र्यांच्या जाळीत द्रव होतो, आत हायड्रोजनच्या सोबतीत पुन्हा वाफ होऊन थंडावा देतो आणि खाली येऊन पाण्यात विरघळतो. सगळा प्रवाह गुरुत्वाकर्षणावर आणि बुडबुड्यांवर. आवाज नाही, ही त्याची मोठी गोष्ट. पण बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० ते २५ अंश खाली जाणं, एवढीच त्याची ताकद. महाबळेश्वरच्या १८ अंशांत ते भरपूर झालं. बंद गाडीच्या मागच्या कप्प्यात मे महिन्यात ४० अंश असतील तर आत १५-२० च राहणार.

तरीही दोष नाहीच, असं धरून चालू नका. तीन गोष्टी तपासा.

पहिली, पाणसळ. फ्रीझरच्या तळावर ती ठेवा. उभ्या गाडीत आडव्या दिशेने ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश, यापेक्षा जास्त कल अशा फ्रीजला सोसत नाही (मॉडेलनुसार थोडं कमी-जास्त). घाटात चालताना कल सारखा बदलतो, त्याने बिघडत नाही. उतारावर गाडी लावून रात्रभर फ्रीज चालू ठेवला की द्रव चुकीच्या कोपऱ्यात साठतो, बॉयलर कोरडा तापतो, आतलं गंजरोधक क्रोमेट नळीत घट्ट बसतं आणि यंत्रणा कायमची तुंबते. फ्रीज काढून उलटा करून ठेवण्याचा उपाय बरेच जण सांगतात. अडकलेला बुडबुडा कधी सुटतो, पण जमलेलं क्रोमेट त्याने निघत नाही. त्यावर सहलीचा भरवसा ठेवू नये.

दुसरी, हवा. बाहेरच्या भिंतीवर दोन जाळ्या हव्यात : खालची फ्रीजच्या तळाशी, वरची फ्रीजच्या मागच्या जाळीच्या माथ्याइतकी किंवा त्याहून उंच. मागची पोकळी २५ मिलिमीटरच्या आसपास असावी. पोकळी फार मोठी असली तर हवा जाळीला न शिवता निघून जाते, तिथे पत्र्याचा आडोसा लावून हवा जाळीकडे वळवा. वरच्या जाळीच्या आत १२० मिलिमीटरचे दोन १२ व्होल्टचे पंखे, सोबत ४५ अंशांना सुरू होणारा थर्मल स्विच, हे साहित्य लॅमिंग्टन रोडवर मिळतं. एवढ्याने आतलं तापमान काही अंश उतरतं. थंडीसाठीची झाकणं जाळ्यांवर लावलेली असतील तर आधी ती काढा. परदेशी गाड्यांत ती वर्षानुवर्षं तशीच राहिलेली असतात.

तिसरी, हीटर. फ्रीजचा सप्लाय सोडवून हीटरच्या टोकांचा रोध मोजा. २३० व्होल्टचा १२५ वॅटचा हीटर सुमारे ४२० ओहम दाखवतो, १२ व्होल्टचा १३० वॅटचा १.१ ओहम. आकडा अनंत आला तर हीटर तुटला आहे, तो सुटा मिळतो. हीटर चांगला, गाडी सपाट, २३० व्होल्टवर २४ तास चालवला, बॉयलर चटका देतोय आणि फ्रीझर कोमटच, तर थंड करणारी यंत्रणाच गेली. बॉयलरच्या आवरणापाशी पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा डोळे झोंबवणारा वास आला तर फ्रीज लगेच बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि गाडीबाहेर या. ती पूड क्रोमेटची आहे, विषारी आहे, उघड्या हाताने पुसू नका. गळलेल्या यंत्रणेला डाग देऊन घेणंही नको, ती बदलायचीच असते.

बॅटरीचं म्हणाल तर १३० वॅटचा हीटर ११ अँपियर अखंड ओढतो. १०० अँपियर-अवरच्या लेड बॅटरीतले वापरण्याजोगे ५० धरले तर साडेचार तासांत संपतात. या फ्रीजची १२ व्होल्टची सोय फक्त धावत्या गाडीसाठी आहे. गॅसवर चालवताना ज्योत निळी हवी आणि धुराडं मोकळं. पिवळी ज्योत म्हणजे काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्ही. गाडी चालताना आणि पेट्रोल पंपावर गॅस बंद.

ठाणे-नवी मुंबईत राहून उन्हाळ्यातही फिरणार असाल तर आमचा सल्ला कंप्रेसर फ्रीजचाच आहे. थंड प्रदेशात, दिवसेंदिवस एकाच जागी मुक्काम करणाऱ्यांसाठी शोषण फ्रीज चांगला. आपली हवा त्याला मानवत नाही.

प्रश्न : असाच तिहेरी फ्रीज काढून १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रीज बसवायचा आहे. काम स्वतः करता येईल का? काय चुकतं? (खारघर)

उत्तर : गॅसचा भाग सोडून सगळं करता येईल. गॅसची नळी फ्रीजपाशी दाबून किंवा टेप गुंडाळून बंद करायची नसते. ती वितरण नळीच्या व्हॉल्व्हपाशी सोडवून पितळी टोपी बसवायची आणि साबणाच्या पाण्याने तपासायची. हे काम गॅस फिटिंग जाणणाऱ्याकडूनच करून घ्या. धुराड्याचं बाहेरचं भोकही बुजवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी थेट प्लायवूडमध्ये जातं.

मग मापं. कोनाड्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी घ्या आणि सर्वांत कमी आकडा धरा. गाडीचं फर्निचर काटकोनात असतंच असं नाही. खोली मोजताना मागे हवेसाठी ५० मिलिमीटर सोडा. नवा फ्रीज गाडीच्या दारातून आत येतो का, तेही मोजा. हे विसरल्यामुळे फ्रीज परत करावे लागतात. दार कोणत्या बाजूला उघडतं, उघडल्यावर ओट्याला अडतं का, बिजागरी उलटी करता येते का, हे दुकानातच विचारा. प्लेटवर हवामान वर्ग ‘टी’ असलाच पाहिजे. तो ४३ अंशांपर्यंतचा. ‘एन’ वर्ग फक्त ३२ पर्यंतचा आहे, तो इथे ऑक्टोबरमध्येच हात टेकेल.

सर्वांत जास्त चूक वायरिंगमध्ये होते. तिहेरी फ्रीजला १२ व्होल्टच्या दोन जोड्या येतात. जाड जोडी हीटरची, ती रिलेमधून (विजेने चालणारा स्विच) येते आणि इंजिन चालू असतानाच जिवंत असते. बारीक जोडी कंट्रोल बोर्डची, ती कायम चालू. नवा फ्रीज जाड वायर बघून तिच्यावर जोडला की गाडी बंद होताच फ्रीज बंद. बारीक जोडीवर जोडला तर पहिल्या प्रश्नातला आजार पहिल्या दिवसापासून. जाड वायर ४ किंवा ६ स्क्वेअर एमएमची आणि चांगल्या स्थितीत असेल तर तीच वापरा, पण तिचं दुसरं टोक रिलेवरून काढून फ्यूजमार्गे घरगुती बॅटरीवर आणा आणि जुना २० अँपियरचा फ्यूज काढून १५ चा घाला. बारीक जोडीची टोकं इन्सुलेट करून बाजूला बांधा. इंजिनच्या बॅटरीवर फ्रीज जोडू नका, नाहीतर सकाळी गाडी उठणार नाही.

बाहेरच्या दोन्ही जाळ्या राहू द्या. कंप्रेसर फ्रीजलाही त्या उपयोगी पडतात. फक्त त्याचा पंखा गरम हवा कुठे फेकतो ते बघा. ती हवा फिरून पुन्हा कंडेन्सरकडे येत असेल तर मध्ये ॲल्युमिनियमचा आडवा पत्रा लावून गरम आणि गार बाजू वेगळ्या करा. कंप्रेसरभोवती फोम कोंबून आवाज कमी करायचा मोह टाळा, पाच वेळा लुकलुकणारा एलईडी त्यातूनच येतो.

पक्कं बसवणं : बाजूच्या चौकटीला स्क्रू, आणि तळाला एल-अँगल लावून एम-६ बोल्ट, खाली रुंद वॉशर. जमिनीला ड्रिल मारण्याआधी गाडीखाली आडवं होऊन बघा. डिझेल टाकी, ब्रेकची नळी किंवा वायरिंगचा जुडगा नेमका तिथेच असू शकतो. घोडबंदर रोडवरचे खड्डे वीस-पंचवीस किलोच्या फ्रीजला नुसत्या चार प्लायवूड-स्क्रूंवर टिकू देत नाहीत.

फ्रीज आडवा करून आणला असेल तर उभा करून काही तास तसाच ठेवा, कंप्रेसरचं तेल खाली उतरू दे. मग रात्रभर रिकामा चालवा. आत पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर ठेवा. सकाळी ४-५ अंश दिसले तर सामान भरा. हवेत लटकवलेला थर्मामीटर दार उघडताच उड्या मारतो, ग्लासातला खरं सांगतो.

प्रश्न : घरगुती ९० लिटरचा सिंगल डोअर फ्रीज आणि इन्व्हर्टर हे स्वस्तात पडतं. चालेल? (ऐरोली)

उत्तर : चालेल, पण तुमच्या बॅटरीला ते महाग पडेल. सुरू होताना असा फ्रीज नेहमीच्या भाराच्या कितीतरी पट झटका घेतो, म्हणून १००० व्हीएच्या आसपासचा प्युअर साइन (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) इन्व्हर्टर लागतो. साध्या इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर (स्क्वेअर वेव्ह) कंप्रेसर गुणगुणतो आणि तापतो. इन्व्हर्टर स्वतःच १० ते २० वॅट खातो. दिवसाचे २४० ते ४८० वॅट-अवर त्यातच गेले. शिवाय घरगुती फ्रीजचं दार नुसत्या चुंबकी रबरावर असतं, वळणावर उघडतं. कडी बसवावीच लागते. कायम वीज मिळणाऱ्या जागी उभ्या राहणाऱ्या गाडीत तो ठीक आहे, फिरत्या गाडीत नको. गाडीत प्लग लावायचे थर्मोइलेक्ट्रिक डबेही या कामाचे नाहीत. ते हवेपेक्षा १५-२० अंशच खाली जातात आणि अखंड ४-५ अँपियर ओढतात.

प्रश्न : ६५ लिटरच्या कंप्रेसर फ्रीजला बॅटरी आणि सोलर किती लागेल? (माजिवडा, ठाणे)

उत्तर : उन्हाळ्यातला हिशेब धरा. कंप्रेसर ५० वॅटचा, निम्मा वेळ चालतो असं मानलं तर दिवसाला ६०० वॅट-अवर, म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपियर-अवर. १०० अँपियर-अवरची लेड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे फक्त फ्रीजवर एक दिवस. तेवढ्याच लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीवर दीड दिवस निघतो. छपरावरचं २०० वॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात नुकसानी वजा जाता सहाशेच्या आसपास वॅट-अवर देतं, म्हणजे फ्रीजपुरतं भागतं. पावसाळ्यात यातलं निम्मंही गृहीत धरू नका.

धावत्या गाडीतून चार्ज करायला ३० अँपियरचा डीसी-टू-डीसी चार्जर घ्या. बीएस-६ गाड्यांचा अल्टरनेटर व्होल्टेज वरखाली करतो, साध्या रिलेने बॅटरी पूर्ण भरत नाही. अडीच तासांच्या प्रवासात या चार्जरने ७५ अँपियर-अवरपर्यंत भरणा होतो, म्हणजे फ्रीजचा दीड दिवस.

तुम्ही परतताना पाच किलो सुरमई आणता असं लिहिलं आहे. ३० अंशांची पाच किलो मासळी ४ अंशांवर आणायला सुमारे १३० वॅट-अवर उष्णता काढावी लागते, आणि तीही भिंतींतून आत येणारी उष्णता सांभाळून. कंप्रेसर तासन्‌तास न थांबता चालतो, तोवर बाकीचं सामानही कोमट होतं. मासळी बंदरावरच्या बर्फातच वेगळ्या थर्मोकोलच्या पेटीत आणा. गारठल्यावर फ्रीजमध्ये टाका.

प्रश्न : वडिलांचं इन्सुलिन मोटरहोमच्या फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल का? (बेलापूर)

उत्तर : चालेल, एका काळजीसह. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं आणि ते गोठता कामा नये. छोट्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या प्लेटला टेकलेली वस्तू शून्याखाली जाते, विशेषतः रात्री गार हवेत थर्मोस्टॅट उन्हाळ्याच्याच आकड्यावर राहिला तर. डबीत घालून प्लेटपासून सर्वांत दूरच्या कप्प्यात ठेवा आणि शेजारी किमान-कमाल नोंदवणारा डिजिटल थर्मामीटर. सकाळी किमान आकडा शून्याखाली दिसला किंवा इन्सुलिन एकदा जरी गोठलं तर ते वापरायचं नाही, वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरीही. वापरात असलेलं पेन किती दिवस बाहेर चालतं ते त्याच्या माहितीपत्रकात असतं. तो आकडा औषधागणिक वेगळा आहे, डॉक्टरांना विचारून ठेवा. आणि वडिलांबरोबर निघताना फ्रीजच्या एकट्याच्या भरवशावर जाऊ नका, बर्फाच्या जेल-पिशवीचं इन्सुलेटेड पाकीट सोबत असू द्या. इन्सुलिन आणि जेल-पिशवी यांच्यामध्ये मात्र कापडाची घडी हवी.

प्रश्न : गाडी पावसाळाभर उभी असते. दर वेळी फ्रीज उघडला की कुबट वास आणि दाराच्या रबरावर काळे ठिपके. (कोपरी, ठाणे)

उत्तर : फ्रीज बंद करून वितळवा, पाणी निघायची नळी बारीक ब्रशने साफ करा. वास बहुतेकदा याच नळीत साचलेल्या पाण्याचा असतो. आतून लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून पुसा. रबराच्या घड्या उलगडून जुन्या टूथब्रशने घासा आणि कोरड्या करा. मग दार बोटभर उघडं राहील अशी लाकडी खुंटी लावून ठेवा. गाडी हलवताना ती काढायला विसरू नका, म्हणून तिला एक लाल फीत बांधा.

रबर घट्ट आहे का ते बघायला दहाची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा, चारही बाजूंना. नोट सहज सरकली तिथे आपल्या दमट हवेतलं बाष्प आत शिरतं आणि त्याच बाजूला फ्रीझरवर बर्फाचा ढीग साठतो. वाकडं झालेलं रबर हेअर ड्रायरने हलकं गरम करून हाताने सरळ करता येतं. फाटलेलं असेल तर मॉडेल नंबर देऊन नवीन मागवा. महिन्यातून एकदा चार्जर लावून फ्रीज तास-दीड तास चालवा, म्हणजे कंप्रेसरचं तेल फिरतं, आणि गाडी बाहेर काढायच्या आदल्या रात्रीऐवजी महिनाभर आधीच बिघाड कळतो.